तोच हिरवा पुन्हा : मऊ प्लास्टिकच्या आमिषांचे रंग जुळवणे

एकाच बाटलीतला हिरवा रंग, मोजून तेवढेच थेंब, साचाही तोच. तरी मागच्या महिन्यात ओतलेली आमिषे आणि आज ओतलेली आमिषे शेजारी ठेवली की दोन वेगळ्या घरची वाटतात. असे का होते? घरी मऊ प्लास्टिकची आमिषे बनवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: दुकानातून आणलेल्या पाकिटातले, मासा हटकून धरणारे आमिष संपत आले, तर नेमके त्याच रंगाचे घरी कसे करावे?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. अशा आमिषाचा रंग एकट्या रंगद्रव्याने ठरत नाही. आमिष किती जाड आहे, आतून किती गढूळ आहे, त्यात कोणती चमकी आहे, ते किती तापवले आणि कोणत्या उजेडात पाहिले, या साऱ्यावर तो अवलंबून असतो. थेंब जुळले म्हणून रंग जुळला असे होत नाही, आणि कधी कधी रंग जुळवण्यासाठी थेंब मुद्दाम बदलावे लागतात.

१. दूध, काच आणि वडापावचा कागद

या आमिषांचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसीची मैद्यासारखी बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवली की प्लास्टिसॉल तयार होते. त्या तेलकट द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. पाण्याचा कडक पाइपही पीव्हीसीचा आणि घडी घालता येणारा रेनकोटही पीव्हीसीचा. दोघांतला फरक या तेलकट द्रवाचा.

पीव्हीसी मऊ करण्याची ही युक्ती सापडली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या टायरनगरीत. बी. एफ. गुडरिच कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन १९२६ मध्ये रबर धातूला चिकटवता येईल असा पदार्थ शोधत होते. चिकटवायचा पदार्थ बाजूलाच राहिला आणि हाती आले रबरासारखे लवचीक पीव्हीसी. पुढे १९४९ मध्ये त्याच अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी घरातच मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. तिथल्या गोड्या पाण्यातला बास मासा त्यावर तुटून पडू लागला आणि या आमिषांचा धंदा उभा राहिला. थोडक्यात, हा उद्योग जन्मालाच घरगुती म्हणून आला आहे. आज घरी ओतणारे लोक काही नवे करतात असे नाही.

रंगाच्या दृष्टीने प्लास्टिसॉलची एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. थंड असताना ते दुधासारखे पांढरे असते, कारण पिठासारखे कण उजेड चहूकडे विखुरतात. तापवत नेले की ते आधी घट्ट होते, त्याचे गोळे होतात. साधारण १६५ ते १७५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की ते पुन्हा पातळ होते आणि काचेसारखे नितळ दिसू लागते. पूड आणि तेल एकजीव झाले, त्यांच्यातली सीमारेषा उरली नाही, म्हणून उजेड आरपार जातो. वडापाव बांधलेला कागद तेल लागल्यावर पारदर्शक होतो, त्यामागे हेच कारण आहे. कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेते आणि उजेडाचे विखुरणे थांबते.

म्हणून थंड प्लास्टिसॉलमध्ये रंग कालवून पाहिला तर तो नेहमी झबल्या-टोपड्यासारखा फिकट दिसतो. त्यावर विश्वास ठेवून आणखी चार थेंब टाकणारा माणूस पुढे काळपट आमिषे ओततो. मिश्रण नितळ होईपर्यंत रंगाबद्दल मत बनवूच नये.

२. रंगाचे नाव आणि खरा रंग

या आमिषांच्या रंगांची नावे अमेरिकी परसबागेतून आणि गॅरेजमधून आली आहेत. ‘वॉटरमेलन’ म्हणजे नितळ हिरव्यात काळे ठिपके, ‘पंपकिन’ म्हणजे तपकिरी, ‘ग्रीन पंपकिन’ म्हणजे त्या दोघांमधला शेवाळी. ‘मोटर ऑइल’ वापरलेल्या इंजिन तेलासारखा, ‘जूनबग’ हिरवी चमकी असलेला गडद जांभळा, ‘शार्ट्रूज’ डोळ्यांत खुपणारा पिवळट पोपटी. अलाबामातल्या टॉम मान यांनी तर ‘जेली वर्म’ नावाच्या गांडुळांना फळांची नावे दिलीच, शिवाय वासही फळांचे दिले.

नावावरून मात्र रंग जुळत नाही. साडीच्या दुकानात ‘मोरपंखी दाखवा’ म्हटले की दुकानदार चार मोरपंखी उलगडतो आणि चारही वेगळे असतात. ग्रीन पंपकिनचे तसेच आहे. एका कंपनीचा हिरव्याकडे झुकतो, दुसऱ्या कंपनीचा तपकिरीकडे. गॅरी यामामोटो यांच्या कंपनीचे गिऱ्हाईक रंगांना नावांऐवजी आकड्यांनी ओळखतात, काळ्या चमकीच्या वॉटरमेलनला १९४ आणि तशाच ग्रीन पंपकिनला २९७, ही त्यातल्या त्यात शहाणी पद्धत. घरी जुळवणाऱ्याने तर नाव विसरून समोरचा नमुनाच पाहावा.

३. कपातला चहा, बशीतला चहा

चहा कपात असताना गडद दिसतो आणि तोच बशीत ओतला की फिकट होतो. चहा तोच असतो, पण त्यातून जाणाऱ्या उजेडाचा रस्ता बशीत आखूड होतो. मऊ आमिषाच्या रंगाबद्दल होणाऱ्या निम्म्या चुका हे न ओळखल्याने होतात.

समजा, एका हिरव्या मिश्रणाच्या ३ मिलिमीटर जाड थरातून निम्मा उजेड पार जातो. मग ६ मिलिमीटरमधून पाव भाग जाईल, ९ मिलिमीटरमधून आठवा भाग आणि १२ मिलिमीटरमधून सोळावा. म्हणजे एकाच कपातले मिश्रण बारीक गांडुळाच्या साच्यात ओतले तर कलिंगडाच्या सालीच्या आतल्या कडेसारखे दिसेल आणि जाड पोटाच्या माशाच्या साच्यात ओतले तर बाटलीच्या काचेसारखे गडद. एकाच आमिषातसुद्धा हे घडते. धड गडद आणि शेपटी फिकट असते, तिला वेगळा रंग दिलेला नसतो.

यातून एक सोपा हिशेब निघतो. ६ मिलिमीटर जाडीच्या आमिषासाठी १०० मिलिलिटरला १२ थेंब लागत असतील, तर १२ मिलिमीटर जाडीच्या आमिषात तेवढाच गडदपणा दिसण्यासाठी ६ थेंब पुरतात. जाडी दुप्पट, रंग निम्मा. हा नियम नितळ रंगांपुरताच खरा आहे. चुन्यासारख्या अपारदर्शक आमिषात उजेड आत शिरतच नाही, तेव्हा जाडीने फरक पडत नाही.

रंगाची चाचणी करताना पुष्कळ जण वितळलेल्या मिश्रणाचा थेंब थाळीवर टाकून पाहतात. तो थेंब पसरून एखादा मिलिमीटर जाड राहतो, म्हणजे बशीतला चहा होतो. त्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक छोटा साचा करून ठेवावा, त्यात ३, ६, ९ आणि १२ मिलिमीटर खोलीच्या चार पायऱ्या असाव्यात. साचा पूर्ण वाळवून वरून रंग किंवा गोंदाचा पातळ हात द्यावा, नाहीतर प्लास्टरमधल्या ओलाव्याचे बुडबुडे आमिषात येतात. या साच्यातून निघालेली पायऱ्यांची पट्टी नमुन्याशेजारी धरली की कोणती पायरी कुठे जुळते ते लगेच कळते. दोन तासांची मेहनत आहे, पण पुढची कित्येक वर्षे ती कामाला येते.

४. कोकम, हळद आणि अभ्रक

रंग देणारे पदार्थ तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची वागणूक वेगळी.

पहिला प्रकार विरघळणाऱ्या रंगांचा. कोकमाचे सरबत लाल असते, पण पेल्यापलीकडची बोटे त्यातून दिसतात. हे रंग तसे नितळ राहतात. दुसरा प्रकार न विरघळणाऱ्या बारीक पुडीचा. मठ्ठ्यात हळद टाकली तर रंगही येतो आणि पलीकडचे दिसणेही बंद होते. पांढरा रंग हे याचे टोकाचे उदाहरण. तो टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो आणि चिमूटभरानेही आमिष दुधी काचेसारखे करून टाकतो. तिसरा प्रकार मोतिया पुडीचा. ही पूड म्हणजे अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर चढवलेला पातळ थर. पापुद्रे आरशासारखे उजेड परत फेकतात. मिश्रण वाहताना ते प्रवाहाच्या दिशेने झोपतात, म्हणून पिचकारीने दाबून भरलेल्या आमिषावर चकाकीच्या रेघा उमटतात आणि हाताने सावकाश ओतलेल्यात त्या कमी दिसतात. पूड तीच, प्रमाण तेच, आणि तरी दोन आमिषे वेगळी.

मिठाचाही हिशेब धरावा लागतो. आमिष जड व्हावे आणि माशाने ते तोंडात जास्त वेळ ठेवावे यासाठी अनेक जण त्यात बारीक मीठ मिसळतात. मिठाचे कण उजेड विखुरतात, म्हणून हिरवा रंग पांढुरका होतो. मीठ जितके बारीक दळलेले, तितका गढूळपणा जास्त. खारवलेल्या आमिषाचा रंग बिनमिठाच्या मिश्रणात जुळवायला बसले तर दिवस गेला तरी जुळणार नाही.

रंग फिका करायचे तीन रस्ते यावरूनच स्पष्ट होतात. नितळ प्लास्टिसॉल वाढवले तर रंग फिका आणि अधिक पारदर्शक होतो. पांढरा घातला तर फिका आणि गढूळ होतो. मोतिया पूड घातली तर फिका आणि चकाकता होतो. नमुना कोणत्या रस्त्याने फिका झाला आहे हे ओळखल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

५. नमुना वाचणे

नमुना तीन प्रकारे पाहावा लागतो. आधी तो पांढऱ्या कागदावर ठेवावा. मग उजेडाकडे धरून आरपार पाहावा. शेवटी धारदार पात्याने त्याचा २ मिलिमीटरचा काप काढून तो छापील अक्षरांवर ठेवावा. अक्षरे स्वच्छ वाचता आली तर आत पांढरा किंवा मीठ नाही. अक्षरे धूसर झाली तर आहे. कापात चमकीचे कण मोजताही येतात.

तीनदा पाहण्याची गरज का, हे मोटर ऑइलवरून पटते. या रंगाचे आमिष उजेडाकडे धरले की मधासारखे तांबूस-पिवळे दिसते आणि टेबलावर ठेवले की त्याच्या अंगावर हिरवी झाक येते. त्यात झगमगणारे, म्हणजे अंगावर पडलेला निळा उजेड गिळून तो हिरवा करून परत देणारे द्रव्य असते. आरपार येणारा उजेड आणि परत फिरणारा उजेड असे दोन वेगळे रंग एका आमिषात नांदतात. नुसते टेबलावर पाहणारा त्यात हिरवा ओततो, नुसते आरपार पाहणारा तपकिरी. दोघांचेही आमिष चुकते, आणि दोघेही बाटलीला दोष देतात.

निरीक्षण लिहून ठेवताना रंगाचे तीन भाग वेगळे करावेत. कोणता रंग, म्हणजे हिरवा की तपकिरी. किती गडद. आणि किती तेजस्वी, म्हणजे ताज्या पालवीसारखा की वाळलेल्या शेवाळासारखा. ‘जरा वेगळा वाटतो’ या वाक्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. ‘रंग बरोबर आहे, पण गडद आहे’ असे म्हटले की उपाय आपोआप सुचतो.

६. थेंबांचा हिशेब

थेंब हे बेभरवशाचे माप आहे. बाटली उभी धरली की तिरपी, यावर थेंबाचा आकार बदलतो. थंडीत रंग घट्ट झाला की आणखी फरक पडतो. त्यातून बाटली हलवलेली नसली तर वरच्या थेंबात तेल जास्त आणि तळाच्या थेंबात रंग जास्त असतो, कारण जड पूड खाली बसते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत साधे उत्तर बहुधा हेच असते. मागच्या महिन्यात बाटली नीट हलवली होती, आज हलवली नाही.

लहान खेपेत चूक कशी फुगते ते पाहू. ३० मिलिलिटरची चाचणी केली आणि तीन थेंब हिरवा, एक थेंब तपकिरी यात रंग जुळला. आता २४० मिलिलिटरसाठी आठपट, म्हणजे २४ आणि ८ थेंब. पण चाचणीतला तो एकुलता एक तपकिरी थेंब खरे तर दीड थेंबाएवढा पडला असेल, तर मोठ्या खेपेत १२ थेंब लागायला हवे होते आणि टाकले ८.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे पातळ रंग. १ मिलिलिटर रंग ९ मिलिलिटर थंड प्लास्टिसॉलमध्ये मिसळून वेगळ्या बाटलीत ठेवावा. आता एका थेंबाच्या जागी दहा थेंब लागतात आणि एखाद्या थेंबाची चूक दहापट लहान होते. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा असेल तर थेंब मोजायचीच गरज नाही, रंग तोलून घालावा. खाण्याचा पाण्यातला रंग मात्र कधीही वापरू नये. तो तेलात मिसळत नाही, आणि तापलेल्या प्लास्टिसॉलमध्ये पाण्याचा थेंब गेला की कढईतल्या तेलासारखा तडतडून अंगावर उडतो.

७. एक खेप, सुरुवातीपासून

समजा, नमुना ९ मिलिमीटर जाडीचा ग्रीन पंपकिन आहे. कापातून अक्षरे स्वच्छ वाचता येतात, म्हणजे पांढरा नाही, मोतिया नाही, मीठ नाही. आरपार पाहिल्यास तपकिरी झाक असलेला शेवाळी. काळी चमकी मोठी आणि विरळ. पुढचे आकडे समजण्यापुरते आहेत, कारण प्रत्येक कंपनीच्या रंगाची ताकद वेगळी असते.

६० मिलिलिटर प्लास्टिसॉल घेतले आणि पातळ रंगांपैकी ३२ थेंब तपकिरी व २८ थेंब हिरवा घातला. तापवून नितळ केले आणि पायऱ्यांच्या साच्यात ओतले. थंड झाल्यावर ९ मिलिमीटरची पायरी नमुन्याशेजारी धरली. गडदपणा साधारण तसाच, पण रंग फारच हिरवा. इथे काळा घालण्याचा मोह होतो. काळ्याने हिरवा मरतो, पण तपकिरी होत नाही, नुसता मळकट होतो. हिरव्याला विझवतो त्याच्या विरुद्ध बाजूचा लाल, आणि तपकिरीत लाल दडलेला असतोच. म्हणून तपकिरीचे आणखी ८ थेंब.

पट्टी परत कपात टाकून वितळवली, कारण ती बाहेर राहिली तर मिश्रण कमी होऊन हिशेब बिघडतो. दुसरी पट्टी ओतली. आता रंग जुळला, पण ९ मिलिमीटरच्या नमुन्याशी ६ आणि ९ यांच्या मधली जाडी जुळते आहे. याचा अर्थ मिश्रण गडद आहे. २० मिलिलिटर नितळ प्लास्टिसॉल घातले. ६० चे ८० झाले, म्हणजे रंगाची दाटी पाऊणपट झाली. तिसरी पट्टी जुळली.

वहीत नोंद: ८० मिलिलिटरला पातळ हिरवा २८, पातळ तपकिरी ४०. २४० मिलिलिटरच्या खेपेसाठी तिप्पट, म्हणजे ८४ आणि १२०, अर्थात मूळ दाट रंगाचे साधारण साडेआठ आणि १२ थेंब. साडेआठवा थेंब पाडता येत नाही, तिथे पातळ रंगच वापरावा.

या सगळ्यात एक क्रम पाळलेला आहे. आधी गढूळपणा ठरवला, मग रंग, मग गडदपणा आणि चमकी सर्वांत शेवटी. आमटीत मीठ घालता येते, काढता येत नाही. पांढरा आणि चमकी यांचेही तेच, म्हणून अंदाजाच्या निम्म्यापासून सुरुवात करणे सोयीचे.

८. चमकी

चमकीचे कण षटकोनी कापलेले असतात. साधारण ०.४, ०.९ आणि १.६ मिलिमीटर हे नेहमीचे आकार. बारीक चमकी दुरून वेगळी दिसत नाही, ती मूळ रंगातच मिसळून जाते. बारीक काळ्या चमकीने हिरवा गडद भासतो, बारीक सोनेरीने पिवळट. मोठी चमकी मात्र ठिपक्यांसारखी सुटी दिसते आणि मूळ रंगाला धक्का लावत नाही. म्हणून बारीक चमकी असलेला नमुना जुळवताना मूळ रंग किंचित फिका ठेवावा लागतो.

हस्तकलेच्या दुकानातली चमकी स्वस्त मिळते, पण या उष्णतेत तिच्यापैकी बरीच वळते, आक्रसते किंवा आपला रंग प्लास्टिकमध्ये सोडते. लाल चमकी घातलेले नितळ आमिष आठवड्याभरात गुलाबी झाले तर दोष चमकीचा.

९. उष्णता खाते तो रंग

प्लास्टिसॉल जास्त तापले की आधी पिवळसर होते, मग तपकिरी, आणि हायड्रोजन क्लोराइड हा नाका-घशाला झोंबणारा वायू सोडू लागते. म्हणून हे काम हवेशीर जागी, चष्मा आणि वायूची गाळणी असलेला मुखवटा लावून करायचे. भांडी, मायक्रोवेव्ह, चमचे सगळे वेगळे ठेवायचे, ते स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत.

रंगाच्या बाजूने पाहिले तर पिवळेपणा हा न मागता पडलेला एक थेंब आहे. तपकिरीत तो कळतही नाही. निळ्याला तो हिरवट करतो, पांढऱ्याला सायीसारखा आणि गुलाबीला भाजलेल्या केशरीसारखा. झगमगणारे रंग तर उष्णतेने विझतातच, म्हणून शार्ट्रूज आणि गुलाबी शेवटी घालावेत. तेच मिश्रण तीन-चारदा वितळवले की रंग सरकायला लागतो. उष्णता सोसायला मदत करणारे द्रव्य थोडे घालता येते, त्याने हे सरकणे लांबते, टळत नाही. थर्मामीटरशिवाय केवळ अंदाजाने तापवणारा माणूस दर खेपेला निराळा हिरवा मिळवतो, आणि त्याला त्याचे कारण कधीच सापडत नाही.

१०. दुकानाच्या दारात नेऊन पाहणे

ब्लाउजपीस घेताना बायका कापड दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहतात. आतल्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेले कापड बाहेर उन्हात वेगळे निघते, हा अनुभव त्यामागे असतो. दोन वेगळ्या द्रव्यांनी बनवलेले दोन हिरवे एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात निळ्या, हिरव्या, लालचे प्रमाण निराळे असते. रात्री पिवळ्या बल्बखाली जुळवलेल्या ग्रीन पंपकिनवर सकाळपर्यंत भरवसा ठेवू नये. दिवसा, खिडकीशेजारी, थेट ऊन नसलेल्या जागी पाहिलेला रंग सर्वांत विश्वासाचा. झगमगणारे रंग उन्हात पेटतात आणि घरातल्या दिव्याखाली मंद वाटतात, त्यांची तुलना बाहेरच करावी.

ताज्या आमिषाची घाईही नको. कोमट असताना ते जरा अधिक नितळ आणि ओले दिसते. तासाभराने पाहिलेला रंग खरा.

जुळलेला रंग टिकवणेही आहेच. विरघळणारे रंग प्लास्टिसायझरबरोबर हळूहळू प्रवास करतात. काळे आणि पांढरे आमिष एका डब्यात ठेवले तर पांढऱ्यावर काही दिवसांत सावल्या उमटतात, आणि पाठ गडद, पोट फिके अशा दोन रंगांच्या आमिषातली रेघ महिन्याभरात धूसर होते. काही कडक प्लास्टिकचे डबे तर या तेलाने चिकट होऊन विरघळू लागतात. प्रत्येक रंगाला वेगळी पिशवी हाच उपाय. नमुन्याची पट्टीही वेगळ्या पिशवीत, अंधारात ठेवावी, नाहीतर पुढच्या वर्षी चुकीच्याच रंगाशी जुळवणी सुरू होते.

११. माशाला किती दिसते

इतके काटेकोर जुळवून माशाला त्यातले काय कळते? लार्जमाउथ बासवर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. एकीचा कल हिरव्याकडे, सुमारे ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीशी, आणि दुसरीचा लालकडे, सुमारे ६१५ नॅनोमीटरशी. माणसात अशा पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यातली निळ्याकडे कल असणारी बासकडे नाही. शिकवलेल्या माशांनी लाल आणि हिरवा नीट ओळखला. शार्ट्रूज आणि पांढरा, तसेच निळा आणि काळा यांत मात्र ते गोंधळले.

याचा अर्थ काम वाटून घेता येते. काळ्या-निळ्या आमिषातला निळा नेमका कोणता, यावर संध्याकाळ घालवणे ही माणसाची हौस आहे. शार्ट्रूजची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी बास तक्रार करणार नाही. पण हिरवा ते तपकिरी हा पट्टा नेमका त्याच्या दोन पेशींच्या मधला आहे, म्हणजे ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन आणि पंपकिन यांतला फरक तो पाहू शकतो. तिथे वेळ घालवण्यात अर्थ आहे.

हे निष्कर्ष बासचे आहेत, सगळ्या माशांचे नव्हेत. कोकणच्या खाड्यांत जिताड्यासाठी आणि तळ्यांत मरळीसाठी रबरी मासे, बेडूक वापरणाऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत. पाण्याचा नियम मात्र सगळीकडे सारखा. स्वच्छ पाण्यात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच बराचसा शोषला जातो, त्यामुळे खोलीवर लाल आमिष काळपट दिसते. गढूळ किंवा पालापाचोळ्याने चहासारख्या झालेल्या पाण्यात उलट निळा आधी संपतो. पावसाळ्यातल्या मातकट खाडीत छटेपेक्षा आमिषाची काळी किंवा उजळ आकृतीच उठून दिसते, आणि तिथे गढूळपणा जुळला की बरेचसे काम झाले.

म्हणून शेवटची चाचणी टेबलावर न करता पाण्यात करावी. जिथे गळ टाकायचा तिथलेच पाणी बादलीत भरून आणावे. नमुना आणि नवे आमिष एकाच दोऱ्याला वीतभर अंतरावर बांधून बादलीत सोडावे आणि दिवसाच्या उजेडात वरून पाहावे. हातभर खोलीवर दोघांतले मूळ कोणते ते सांगता येत नसेल, तर साच्यात उरलेली खेप ओतायला हरकत नाही.